पिशवी कुणी भरायची?

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आमच्या इंदिरानगरच्या घरात एका पिशवीवरून वाद झाला. वाद तसा लहान होता, पण त्यातून जे मनात आलं ते कॅडेटनी, प्रशिक्षकांनी आणि माझ्यासारख्या पालकांनीही विचारात घ्यावं असं वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

आमचा मुलगा अकरावीत आहे. शाळेच्या आठ कॅडेटचा संघ बंगळूरमधल्या रात्रभराच्या रिलेत धावणार होता. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, बारा तास, ४०० मीटरचा ट्रॅक. एकाने बारा चकरा मारायच्या, म्हणजे ४.८ किलोमीटर, आणि पुढच्याच्या हाती बॅटन द्यायचं. बाकीचे सात जण प्रशिक्षकांबरोबर रेल्वेने यायचे होते. आमचं घर गावातच असल्यामुळे हा दोन दिवस आधी आला. सामानाची यादी फोनवर आली होती.

यादी आली आणि त्याची आई हंड्रेड फीट रोडवर गेली. त्या रस्त्यावर काय मिळत नाही? डोक्याला लावायची टॉर्च, नवे मोजे, दोन बाटल्या, खजुराचे बार, पावडरींची पाकिटं, अंगदुखीचा स्प्रे. संध्याकाळपर्यंत पिशवी भरून दारात उभी होती. मी ती वजनकाट्यावर ठेवली. साडेनऊ किलो भरली. आमचे चिरंजीव सोफ्यावर पडून मोबाइल बघत होते.

मी विचारलं, "टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे?"

"आईला विचारा."

मी म्हटलं, "रात्री तीन वाजता ट्रॅकवर आई असणार आहे का?"

यावर आईच रागावली. तिचं म्हणणं असं की मूल वर्षातून जेमतेम तीन महिने घरी असतं, तेवढ्यात त्याची पिशवीही भरायची नाही तर आईने करायचं काय? ते खोटं नव्हतं. आणि मीही काही वेगळा नाही. सहावीत त्याला शाळेत सोडलं तेव्हा ट्रंकेतली प्रत्येक वस्तू मी लावली होती, कुलपाची जादा किल्लीसुद्धा मीच दोऱ्यात ओवून दिली होती. पण त्या रात्री मी हट्टाला पेटलो. त्याला कारण होतं, आणि ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात. महाराष्ट्रात सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते, पण आमच्या भागात वैशाख शुद्ध द्वितीयेची जुनी परंपरा आहे. गडावर मशाल पेटवायची आणि गावच्या पोरांनी आळीपाळीने धावत ती रात्रभरात गावात आणायची, ही शिवज्योत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, काहींनी आणलीही असेल. १९९४ साली आम्ही बावीस जण पन्हाळ्यावरून निघालो. वाट कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर आणि मग गाव. सगळं मिळून १३० किलोमीटरांच्या आसपास. मागे टेम्पो, पुढे एक जीप. मी सतरा वर्षांचा होतो आणि सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती.

निघताना आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, एकच गोष्ट बजावली होती. "गडावरच्या ज्योतीवर कंदील लाव आणि तो टेम्पोत ठेव. मशाल विझली तर त्याच्यावरनं परत लावायची. आणि कंदील तोंडापर्यंत भरून घे."

मी केळी घेतली, चुरमुरे घेतले, ग्लुकोजचे डबे घेतले, चिंध्या आणि तेल घेतलं. माझे स्वतःचे दोन जोड मोजे आणि टॉवेल अगदी नीट घडी घालून घेतला. कंदीलही घेतला आणि गडावर पेटवला. पण त्यात तेल किती आहे ते हलवून पाहिलं नाही. रॉकेलचा कॅन तर आहेच, असं मनात होतं. तो कॅन कुठल्या गाडीत ठेवला हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नीट आठवत नव्हतं.

रात्री एकच्या सुमाराला आम्ही तवंदी घाटात होतो. वळीव आला. आधी वारा, मग टपोरे थेंब आणि दोन मिनिटांत धो धो पाऊस. मशाल विझली. टेम्पोत धाव घेतली तर कंदील आधीच विझलेला, काच काळी, टाकी कोरडी. कॅन जीपमध्ये होता आणि जीप चहाची सोय करायला संकेश्वरला पुढे गेलेली. त्या काळी मोबाइल नव्हते.

बावीस पोरं घाटात भिजत उभी. कुणी म्हणालं, मोटारसायकल परत पन्हाळ्याला पाठवू या. जाऊन येऊन चार तास लागले असते, आणि गाव वेशीवर वाट बघत राहिलं असतं. शेवटी एका ट्रकवाल्याने काडेपेटी दिली. आम्ही मशाल पेटवली आणि पुढे निघालो. कुणी काही बोललं नाही. बोलायचं नाही असं ठरलंही नव्हतं, ते आपोआपच ठरलं.

सकाळी गावच्या वेशीवर बायका ओवाळायला उभ्या होत्या. लेझीम चालू होतं. आप्पांनी मशाल हातात घेतली आणि मला विचारलं, "वळीव लागला काय रे वाटेत?"

मी म्हणालो, "लागला. पण ज्योत राखली."

हे मी मुलाला त्या रात्री सांगितलं, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "कंदील दुसऱ्या कुणाला भरता आला नसता का?" मी म्हटलं, "आला असता, पण तेल कुठे आहे ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मलाही नव्हतं."

आमच्या भागात डिफेन्स कॉलनी असल्यामुळे निवृत्त फौजी पुष्कळ. आमच्याच इमारतीत एक सुभेदार साहेब राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा त्यांच्याकडे गेला आणि पिशवी कशी भरावी हे विचारून आला. त्यांनी त्याला यादी दिली नाही. फक्त फील्ड ड्रेसिंगची गोष्ट सांगितली. जखमेवर बांधायची पट्टी प्रत्येक जवानाच्या अंगावर असते आणि ती सगळ्यांनी एकाच ठरलेल्या खिशात ठेवायची असते. कारण जखमी माणसाला ती बहुधा स्वतः काढता येत नाही. जो जोडीदार धावत येतो तो जखमी माणसाचीच पट्टी वापरतो, आणि अंधारात त्याचा हात नेमका त्याच खिशाकडे गेला पाहिजे.

मला वाटतं, रात्रीच्या रिलेच्या सामानाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं फारसं नाही. सामान असं भरावं की अंधारात ते दुसऱ्याच्या हाताला सापडेल. कॅडेट मित्रांनो, पलंगावर किट लेआउट लावताना तुम्हाला ती शिक्षा वाटते. मग आणि मोजे सेंटीमीटरने मोजून कशाला ठेवायचे, असं वाटतं. पण सगळ्यांचं सामान एकाच पद्धतीने लावलेलं असलं की कुणाचंही सामान कुणालाही सापडतं. तो नियम तुमच्यासाठी आहे तितकाच तुमच्या शेजारच्या पलंगावरच्या मुलासाठीही आहे.

त्यानंतर मुलाने पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि फोनवरून बाकी सात जणांशी बोलून आठही पिशव्यांची एकच रचना ठरवली. ती सांगण्यासारखी आहे, कारण पुढच्या वर्षी आणखी कुणी धावेल.

आठ जण, एका पाळीला सुमारे सव्वीस मिनिटं, म्हणजे एकदा धावल्यावर पुन्हा पाळी येईपर्यंत तीन तास. रिलेत खरी अडचण या तीन तासांची असते. धावताना शरीर स्वतःच गरम राहतं. थांबलं की घामाने भिजलेला बनियन अंगावरची ऊब ओढून घेतो. बंगळूरला डिसेंबरात रात्री पारा पंधरा-सोळा अंशांवर येतो. बसून राहिलेल्या ओल्या माणसाला तेवढी थंडी पुरते. म्हणून प्रत्येक पाळीसाठी कोरडा टी-शर्ट, मोजे आणि लहान टॉवेल, असा एक संच एका पारदर्शक पिशवीत, वर मार्करने नाव आणि पाळीचा आकडा. धावून आल्यावर शोधाशोध नाही. ओले कपडे त्याच पिशवीत परत. शिवाय कानटोपी, एक जाड स्वेटर, पाय मोकळे ठेवायला चपला आणि अंगावर घ्यायला चादर.

खाण्यात नवं काहीही नको. स्पर्धेच्या रात्री पोटावर प्रयोग करू नयेत. सरावात जे पचलं तेच न्यायचं. मुलांनी केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, शेंगदाण्याची चिक्की आणि मध्यरात्रीसाठी दहीभात ठरवला. खजुराचे बार घरीच राहिले. ओआरएसची पाकिटं घेतली, पण त्यांनी आपसात पक्कं केलं की एका मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. अर्ध्या ग्लासात पाकीट ओतणं जसं चूक, तसंच रात्रभर नुसतं पाणी ढोसणंही चूक. घामातून मीठ जातं आणि नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं.

संघाचं सामान आठ जणांत वाटलं. एकाकडे टॉर्चच्या जादा बॅटऱ्या, एकाकडे व्हॅसलिन आणि फोडांवर लावायची चिकटपट्टी, एकाकडे सेफ्टी पिना आणि मार्कर, एकाकडे अंथरायला प्लास्टिकचा कागद आणि कचऱ्याच्या पिशव्या. प्रथमोपचाराचं सामान लाल कापडी पिशवीत, आणि ती तंबूत खांबाला खुंटीएवढ्या उंचीवर टांगायची. पाळ्यांचा क्रम आणि फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात, कारण मोबाइल रात्री दोनला बंद पडतो. वेदनाशामक गोळ्या घेतल्याच नाहीत. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, त्यामुळे ते डॉक्टरांनीच ठरवावं. पिशवीचं वजन साडेनऊ किलोंवरून साडेचार किलोंवर आलं.

स्पर्धेच्या रात्री आम्ही दोघं प्रेक्षकांच्या बाकांवर होतो. आमच्या मुलाची पाळी सहावी. पहिली धाव आठच्या पुढे झाली, दुसरी मध्यरात्रीच्या थोडी आधी. दुसरी धाव संपवून तो तंबूत गेला आणि पिशवी उपसू लागला. तिसऱ्या पाळीचा संच घरी पलंगावरच राहिला होता. संघाचं सगळं आणलं, स्वतःचं विसरला. आईने लगेच माझ्याकडे पाहिलं. इंदिरानगरला जाऊन तासाभरात परत येता आलं असतं आणि खरं सांगतो, मी गाडीची किल्ली हातात घेतली होती. त्याने लांबूनच हाताने नको म्हटलं. तेवढ्यात दुसऱ्या एका मुलाने आपल्या पिशवीत न बघताच हात घातला आणि एक संच त्याच्याकडे फेकला. त्याने सगळ्यात खाली एक जादा संच ठेवला होता. संघाच्या यादीत तो नव्हता. त्या मुलाला तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

सव्वातीनला आमचा मुलगा तिसऱ्यांदा धावला, दुसऱ्याचे मोजे घालून. त्याआधी दीड वाजता एकाच्या टाचेला फोड आला होता. पट्टी ज्याच्या जबाबदारीत होती तो गाढ झोपला होता. त्याला कुणी उठवलं नाही. लाल पिशवी जागेवर होती. सकाळी सहापर्यंत सत्तावीस पाळ्या पुऱ्या झाल्या आणि अठ्ठाविसावी अर्धवट राहिली, एकूण अंतर १३० किलोमीटरांच्या थोडं वर. पन्हाळ्यावरून आमचं गाव जवळपास तेवढंच लांब आहे. आमचा संघ पहिल्या तिघांत आला नाही.

जपानमध्ये लांब पल्ल्याच्या रिलेला एकिदेन म्हणतात. तिथे बॅटनऐवजी खांद्यावरून तिरका घालायचा कापडी पट्टा एकमेकांना देतात. टोकियो ते हाकोने आणि परत, दहा धावपटू, दोन दिवस, अशी विद्यापीठांची शर्यत १९२० पासून आहे. तिथे एक कडक नियम आहे. मागचा धावपटू ठरलेल्या वेळेत पोचला नाही तर पुढच्याला थांबता येत नाही. त्याला दुसराच पट्टा घालून निघावं लागतं. पट्टा तुटला हे मग रस्त्यावरच्या सगळ्या लोकांना दिसतं. लाज वाटते, रडू येतं, पण लपवत कुणी नाही. हे मला कळलं तेव्हा तवंदी घाट आठवला. आम्हीही दुसराच पट्टा घातला होता, फक्त तोच पहिला आहे असं सांगितलं.

म्हणून प्रशिक्षकांना माझी एक विनंती आहे. सामानाची पूर्ण यादी वरून देऊ नका. सुरक्षेच्या गोष्टी तुम्हीच ठरवा आणि त्यात सूट देऊ नका: टॉर्च, रस्त्यावर धावायचं असेल तर चमकणारं जॅकेट, प्रथमोपचार, फोन नंबरांचा कागद. बाकीची यादी मुलांना करू द्या. आणि धावून आल्यावर, पारितोषिक मिळो वा न मिळो, सगळ्यांना एकत्र बसवून पिशव्या उघडायला लावा. काय न वापरता परत आलं, काय कमी पडलं, कुणाची वस्तू कुणी वापरली, हे खरं खरं लिहून घ्या. त्यात कुणालाही शिक्षा नको. शिक्षा असली की कंदील भरलेला होता असंच सगळे सांगतील. हा कागद पुढच्या वर्षीच्या संघाला द्या.

पालकांनाही सांगतो. मुलाला दमा असेल, कसली ॲलर्जी असेल, रोजचं औषध असेल तर ते लेखी प्रशिक्षकांना कळवणं हे आपलं काम आहे, त्यात हयगय नको. त्यापुढे हात मागे घ्यावा. मूल विसरेल ही भीती खरी आहे. आमचा विसरलाच. पण आपण भरलेल्या पिशवीत सगळं असतं आणि काय कुठे आहे हे आपल्यालाच माहीत असतं. ती पिशवी घेऊन मूल रात्री एकटं पडतं. काही जण म्हणतील, ऐन स्पर्धेत असे धडे कशाला? माझं उत्तर इतकंच की मैदानावर मोजे विसरले तर गारठून धावावं लागतं, त्यापेक्षा जास्त काही होत नाही. विसरायचं तर तिथेच विसरून घ्यावं. पुढे त्यांच्यापैकी काहींच्या पाठीवर जे सामान येणार आहे, त्यात विसरायला जागा नसेल.

घरी आल्यावर आमच्या मुलाने स्वतःचा परतीचा कागद लिहिला. पहिली ओळ अशी होती: "माझा तिसरा संच घरी राहिला. मोजे मागून घातले." ती त्याने आईलाही वाचून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, पुढच्या वेळी चिक्की तरी मीच करून देणार. त्याला कुणाचाच आक्षेप नव्हता.

आप्पा आता नाहीत. त्यांना खरं सांगायचं राहून गेलं. त्या रात्री माझ्याबरोबर धावलेल्यांपैकी काहींची मुलं याच शाळेत आहेत आणि हे पान त्यांच्या घरी जाईल. त्यांना एवढंच सांगतो की कंदील भरलेला नव्हता, आणि तो भरायचं काम माझं होतं.